पुढं काय झालं त्याचं?

दाजी, तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत मी सात पुस्तकं उघडली आणि सातही मिटली. तिसऱ्या-चौथ्या पानापुढे काही केल्या जाववत नाही. मंचरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसतो, उठतो, शटरपर्यंत जातो, परत येतो. परवा एका बाईंना आधारकार्डाची मागचीच बाजू दोनदा झेरॉक्स करून दिली. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझं तोंड कुठंय ह्याच्यात?" एरवी मी हसलो असतो आणि लगेच तुम्हाला फोन लावला असता. तुम्ही म्हणाला असता, "लिवा की आता त्याच्यावर." आता फोन कुणाला लावू?

तुमच्याबद्दल जे बोलायचं ते लोकांनी दशक्रियेला बोलून घेतलं. नदीकाठी माईक लावला होता. तिघांची भाषणं झाली. मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक. आपल्याकडे गेलेला प्रत्येक माणूस दहाव्याच्या दिवशी मनमिळाऊ होतो, तसे तुम्हीही झालात. तुम्ही आयुष्यभर पुस्तकं वाचलीत, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. मग माईकवाल्यानं पुकारलं, "त्यांचे मेहुणे, लेखक आहेत, ते दोन शब्द बोलतील." मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, भरून आलंय. भरून आलं होतं, पण गप्प बसण्याचं कारण ते नव्हतं. आदल्या दुपारी ताईनं मला एक गोष्ट सांगितली होती. ती ऐकल्यावर तुमच्याबद्दल चार माणसांत तोंड उघडायचा मला हक्क आहे का, हेच कळेना. ती गोष्ट सांगायलाच बसलोय, पण एकदम तिथे जाववत नाही. जरा लांबून येतो.

ताई लग्न होऊन खोडदला आली तेव्हा मी नववीत होतो. सुट्टी लागली की घरचे मला अवसरीहून तुमच्याकडे पाठवून द्यायचे, कारण घरी मी नुसता उच्छाद मांडायचो. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "पावणं, वाचता का न्हाई?" मी म्हणालो, अभ्यासाचं वाचतो. "ते वाचनं न्हाई, ती हजेरी झाली," असं म्हणून तुम्ही वाचनालयातली एक पुठ्ठा सुटलेली जाडजूड कादंबरी माझ्या पुढ्यात टाकलीत. तुमची वॉचमनची नोकरी त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांपाशी. त्या भल्यामोठ्या थाळ्या तोंड वर करून आभाळाकडे बघत असायच्या आणि त्यांच्याखाली केबिनमध्ये तुम्ही मान खाली घालून पुस्तकात. पुढे मोबाईल आले, पण तिथे ते बंद ठेवायचे असतात, त्या यंत्रांच्या ऐकण्यात अडथळा नको म्हणून. बाकीचे वॉचमन वैतागायचे. तुम्ही म्हणायचा, "आपल्यासाठीच केलाय राव नियम."

वाचनालयातून एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, म्हणून आपण दोघं एकच पुस्तक वाचायचो. तुमची पाळी असली की पुस्तक तुमच्याबरोबर जायचं, तुम्ही झोपलात की माझ्याकडे यायचं. तुमची खूण एसटीच्या तिकिटाची, माझी कडुलिंबाच्या काडीची. दुसऱ्याच्या खुणेच्या पुढचं काही बोलायचं नाही, हा कायदा. एकदा मी पुढे होतो आणि जेवताना माझ्याकडे बघून तुमचा हात ताटातच थांबला. "मेली का ती?" मी म्हणालो, मी काय बोललोय का? तुम्ही म्हणालात, "बोलायला कशाला पायजे? तोंडावर लिवलंय तुमच्या." आणि त्या दिवशी तुम्ही खरंच नीट जेवला नाहीत. ताई माझ्यावर चिडली.

आणि ओझरचं आठवतंय? कादंबरीतल्या त्या बाईला दिवस भरले होते, नदीला पूर आलेला, सुईण पलीकडच्या काठाला. तुम्ही तिथेच तिकीट घालून पुस्तक मिटलंत. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सुट्टी होती. सकाळी अंघोळ करून तुम्ही ओझरला गेलात, विघ्नहराला दूर्वा वाहिल्यात, नारळ फोडलात आणि खोबरं घेऊन घरी आलात. ताईनं विचारलं, "कशाचा परसाद?" तुम्ही त्या बाईचं नाव सांगितलंत. ताईला वाटलं, तुमच्या भावकीतली कुणीतरी अडलीय. "कुनाची कोन ही?" तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "पुस्तकातली हाये."

मी हसून हसून लोळलो. म्हटलं, "आवो दाजी, छापल्यालं हाये ते. तिचं जे व्हायचं ते कवाच छापून झालंय."

"तुमच्या छापखान्यात झालं आसंल," तुम्ही म्हणालात. "मी अजून वाचलंय कुठं?"

बाई सुखरूप सुटली. मुलगी झाली. तुम्ही ते पान माझ्यापुढे धरलंत आणि चहा मागवलात. हा किस्सा मी पुढे चार लेखकांच्या बैठकीत कितीदा सांगितला असेल, मोजदाद नाही. दर वेळी लोक हसायचे आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचो, भोळ्या माणसाला हसतात तसं. माफ करा. माफी मागायच्या गोष्टींत ही सगळ्यांत लहान आहे, म्हणून आधी मागून टाकतो.

मग मी लिहायला लागलो. पहिली कथा छापून आली तेव्हा तुम्ही तो अंक नारायणगावच्या टोमॅटो बाजारात नेलात, क्रेटवर उघडून ठेवलात आणि आडत्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना माझं नाव दाखवलंत. तुम्ही नसतात तर मी लिहिलंच नसतं. हे मी एका पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत लिहिणार होतो, पण आधी आईवडिलांचा नंबर लागला, मग बायकोचा. तुमचा नंबर तिसऱ्या पुस्तकाला होता. तिसरं पुस्तक अजून झालेलं नाही.

लिहायला लागल्यावर वाचनाचं काय झालं, ते सांगायचा प्रयत्न मी तुमच्याजवळ अनेकदा केला आणि दर वेळी त्याचं भांडण झालं. पूर्वी पुस्तकात कुणी दार वाजवलं की मी घाईनं पान उलटायचो. कोण असेल? आता वाटायला लागलं, बरोबर आहे, दोघांचं बोलणं फार लांबलं होतं, लेखकाला तिसरा माणूस हवा होता. पाऊस आला की वाटायचं, याला संवाद जमेना म्हणून यानं पाऊस पाडला. हातात पेन्सिल आली. पुस्तक चांगलं असलं की हेवा वाटायचा, वाईट असलं की बरं वाटायचं, आणि या दोन्हीच्या मध्ये ती बिचारी गोष्ट तशीच पडून राहायची. फायदा काहीच झाला नाही असं नाही. एखादं वाक्य नेमकं कुठे थांबलंय हे बघून अंगावर काटा यायचा, तो पूर्वी येत नव्हता. पण माणसं दिसेनाशी झाली. ती कशी उभी केली आहेत, तेवढंच दिसायचं.

त्या खोकणाऱ्या बाईवरून तर आपली चांगलीच जुंपली होती. तुम्ही फोनवर मोठ्या कौतुकानं एका कादंबरीची गोष्ट सांगत होतात. मी ती वाचलेलीही नव्हती. मध्येच म्हणालो, "ती मरनार बघा."

"कशावरून?"

"दुसऱ्या प्रकरणात खोकली म्हनता ना? उगाच कुनी कुनाला खोकायला लावत न्हाई पुस्तकात."

तीन दिवसांनी तुमचा फोन. रामराम नाही, काही नाही. "मेली." मी म्हणालो, बघा, म्हटलं होतं ना? तुम्ही म्हणालात, "तुमी मारली तिला. तुमी बोलला नव्हता तवर ती निस्ती खोकत व्हती." आणि मग ते वाक्य, जे गेली कित्येक वर्षं माझ्या मागे लागलंय: "तुमी आता वाचत न्हाई, पावणं. तुमी तपासता. आरटीओवानी रस्त्यात हुबं राहता, कागदं दाखवा म्हनता."

मला राग आला. खरं बोललं की येतो तसा. मी म्हणालो, तुमचं वाचन भाबडं आहे. खोडदच्या घरात आजवर कुणी कधी न वापरलेला हा शब्द मी तुम्हाला फेकून मारला. तुम्ही म्हणालात, "आसंल." तो वाद तिथेच राहिला. नंतर आपण अनेकदा भेटलो, बोललो, पण त्या वादाला पुन्हा कुणी हात लावला नाही.

आता जिजीकडे येतो. यायलाच हवं.

तुमची आई. सगळं गाव तिला जिजी म्हणायचं. चार वर्षांपूर्वी ती महिनाभर अंथरुणाला होती. एका दुपारी तिचं जास्त झालं. तुमचा मोबाईल नेहमीप्रमाणे बंद. ताईनं शेजारच्या पोपटला मोटारसायकलवर तुमच्या केबिनीकडे पाठवलं. पोपटनं दारातूनच सांगितलं, "लवकर घरी जा, जिजी कशीतरी करती," आणि तो तसाच पुढे नारायणगावला डॉक्टरला आणायला गेला. तुम्ही घरी पोचलात तेव्हा जिजी गेली होती. दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडला असेल. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, दुसरा वॉचमन येईपर्यंत जागा सोडता येईना. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. नोकरी म्हटल्यावर असं होणारच, यात कुणाच्या मनात काही यायचं कारणच नव्हतं.

माझ्याही मनात काही आलं नाही, हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो. दोन वर्षांनी मी त्यावर कथा लिहायला घेतली ती केवळ बंद मोबाईल, वॉचमन आणि उशीर या तीन गोष्टींसाठी. वॉचमनला मी धरणावर नेलं, गाव बदललं, बायकोला वेगळं नाव दिलं. पण कथा उभी राहीना. दुसरा माणूस यायला उशीर झाला म्हणजे कुणाचीच चूक नाही, आणि जिथे कुणाचीच चूक नाही तिथे कथा नाही, असं मी तेव्हा नवीन लिहिणाऱ्या पोरांना शिकवत फिरायचो. मग एका दुपारी दुकानात बसल्या बसल्या सुचलं. निरोप येतो तेव्हा वॉचमन कादंबरी वाचत असतो. शेवटची दोन पानं राहिलेली असतात. तो ती वाचून मग उठतो. बस. इतकंच. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली होती, दाजी. माझीच मला.

दिवाळी अंकात कथा आली. लोकांचे फोन आले. सगळ्यांना त्या दोन पानांनीच धरलं होतं. फक्त तुम्हाला मी अंक दिला नाही. मनात चोर होता. तुम्ही वाचलंत आणि ओळखलंत, तर म्हणाल, 'मी असा हाये व्हय? आई मरत असताना वाचत बसेल असला?' कथा चांगली व्हावी म्हणून मी तुमच्या तोंडाला काळं फासलं होतं आणि ते मला कळत होतं. पण तुम्ही अंक कुठूनतरी मिळवलातच. एका रविवारी सकाळी तुमचा फोन आला, "जरा येऊन जावा."

मी आलो तेव्हा तुम्ही कांदाचाळीत कांदे निवडत होता. मी शेजारी बसलो आणि हात चालवायला लागलो. सडका कांदा उजवीकडे टाकत तुम्ही म्हणालात, "वाचली तुमची गोष्ट. लई चांगली लिवली." मी खाली बघून कांदे निवडत राहिलो. मग तुम्ही विचारलंत, "पुढं काय झालं त्याचं?"

"कुणाचं?"

"त्या वॉचमनचं."

मी सुटलो. तुम्ही ओळखलंच नव्हतं! हा माणूस नेहमीप्रमाणे पुस्तकातल्या माणसाची खुशाली विचारतोय. इतका हलका झालो की मला शिकवायची हुक्की आली. म्हणालो, "दाजी, कथा तिथंच संपते. शेवट उघडा ठेवायचा असतो. वाचकानं आपापला ठरवायचा."

तुम्ही दोन कांदे निवडलेत. "त्याच्या बायकोला कळलं का पन?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिवलं नसंल. तुमाला तर म्हाईत आसंल."

"मलाही माहीत नाही. तो काय खरा माणूस आहे का? कथा संपली की तो माणूस संपला."

हे मी तुमच्याशी आपल्या बोलीत बोललो नाही, हेही आठवतंय. कार्यशाळेत बोलतो तसं बोललो, हात हलवून. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "संपला व्हय." मग ताईला हाक मारून चहा टाकायला सांगितलंत. परत येताना गाडीवर मी खूश होतो. अगदी खरं सांगायचं तर तुमची जरा कीवही आली. एवढी वर्षं वाचून या माणसाला स्वतःची गोष्ट ओळखता आली नाही, असं वाटलं.

आता नववा दिवस. दुपारी बायका उद्याच्या स्वयंपाकाचं निवडत होत्या. वाचनालयाचं पुस्तक घरात असेल, परत करायला हवं, म्हणून मी ताईला विचारलं, कुठलं पुस्तक वाचत होते दाजी?

ताई म्हणाली, "कसलं पुस्तक? जिजी गेल्यापासून कुठं वाचत व्हते ते?"

"आगं, दर पंधरा दिसाला बदलून आनायचे की."

"आनायचे, फळीवर ठिवायचे, नेऊन द्यायचे. उघडायचे न्हाईत."

चार वर्षं, दाजी. चार वर्षं तुम्ही मला एकाही पुस्तकाची गोष्ट सांगितली नाहीत आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. दुसऱ्या प्रकरणातला खोकला पकडणारा मी. आपल्या फोनवर मीच बोलत असायचो आणि तुम्ही हं हं म्हणायचा, हे मला आत्ता आठवतंय.

ताई हात न थांबवता सांगत होती. "तुझी ती धरनावरल्या वॉचमनची गोष्ट तेवढी वाचली त्यांनी. तीन दिस घेऊन बसले व्हते. एवढीशी तर गोष्ट. तू त्या रविवारी चहा पिऊन गेलास आन् मागनं मला म्हनले, 'त्याला कसं कळलं गं?' मी म्हनलं, कुनाला काय कळलं? तर म्हनले, 'माझी दोन पानं राहिली व्हती.'"

मला काही समजेना. म्हणजे समजत होतं, पण डोकं तिथे जायला तयार नव्हतं. ताई म्हणाली, "पोपट सांगून गेला तवा पुस्तक हातात व्हतं. म्हनले, 'दुसरा वॉचमन ईस्तवर वाचू म्हनलं. तो आला, दारात हुबा राहिला, आन् मी त्याला म्हनलो थांब जरा. दोन पानं वाचली आन् मंग निघालो.' लई रडले. जिजी गेली तवा रडले नव्हते तेवढे."

"मला म्हाईत नव्हतं, ताई. मी मनानं लिवलं."

"मी तेच म्हनलं त्यांना. म्हनलं, त्याला काय म्हाईत असनार, मनानं लिवलं आसंल. तर म्हनले, 'मनानं इतकं बराबर कुनी लिवतं व्हय? त्याला समदं म्हाईत हाये. माझ्या तोंडावर वाचलं आसंल त्यानं. तरी तोंडानं बोलला न्हाई कधी, हे त्याचं मोठेपन. म्हनून मी त्यालाच विचारलं, पुढं काय झालं त्या मानसाचं.' मी म्हनलं, मंग काय म्हनला?" ताईनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्हनले, 'म्हनला, संपला तो.'"

मी तिथून उठून गोठ्यामागे गेलो. परत आलो तेव्हा बाकीच्या बायका उठून गेल्या होत्या. मी विचारलं, आणि तू? तू काय केलंस?

"दोन दिस बोलले न्हाई त्यांच्याशी. माझी बी सासू व्हती ना. तिसऱ्या दिशी म्हनलं, जेवून घ्या." मग म्हणाली, "आन् सांगितलं त्यांना, जिजीला शेवटचा तासभर सुदच नव्हती, ती कुनाला बी हुडकत नव्हती. तवापासनं जरा झोपायला लागले."

"खरंच सुद नव्हती?"

ताई म्हणाली, "तुला कशाला पायजे खरं?" आणि सूप घेऊन आत गेली.

मी मागे लागलो नाही. कथा कशी असावी यावर मी दोन-दोन तास बोलू शकतो, पण त्या चाळीत तुम्हाला जे हवं होतं ते माझ्याकडे नव्हतं आणि ताईकडे होतं. तिनं आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नाही. तुमच्या तोंडून ऐकल्यात तेवढ्याच.

पण दाजी, मी तुमच्यावरही चिडलोय. हे बोलल्याशिवाय राहवत नाही. सरळ का विचारलं नाहीत? 'तुमाला कसं कळलं' एवढं म्हणायला काय होत होतं? पुस्तकातल्या बाईसाठी ओझर गाठणारा माणूस तुम्ही, स्वतःच्या वेळेला त्या वॉचमनच्या आड जाऊन का बसलात? आणि तुम्ही इतकं चांगलं लपवलंत की मला, कागदपत्रं तपासणाऱ्या मला, पत्तासुद्धा लागला नाही. हा राग काही खरा नाही, मला कळतं. दुसऱ्या कुणावर काढता येत नाही म्हणून तुमच्यावर काढतोय. तुम्ही सरळच विचारलं होतंत. मला ऐकू आलं नाही.

काल दुपारी दुकानात तो दिवाळी अंक काढला. छापून आल्यापासून मी ती कथा फक्त माझं कौतुक करून घ्यायला वाचली होती. काल वाचायला बसलो आणि पेन्सिल घ्यायची आठवणच झाली नाही. पोपट आला, त्याचं नाव मी कथेत वेगळं ठेवलंय, पण पोपटच आला. सांगून गेला. आणि तुम्ही बसून राहिलात. मी लिहिलेलं वाक्य, माझं, मला पाठ असलेलं, पुढची ओळ कुठली आहे हे माहीत असूनही मी मोठ्यानं ओरडलो, "उठा!" समोर स्टुलावर एक गिऱ्हाईक बसलं होतं, ते दचकून उभंच राहिलं. म्हणालं, "काय झालं, भाऊ?" मी त्याला बसा म्हटलं. त्याचा सातबारा झेरॉक्स करताना मशीन दिसत नव्हतं मला.

तर दाजी, ऐका. मला काही माहीत नव्हतं. तुमच्या तोंडावर मी काही वाचलं नव्हतं, कारण मी तिकडे बघतच नव्हतो. ती दोन पानं मी मनानंच लिहिली. तुम्ही दोन वर्षं ज्याला माझं मोठेपण समजत होता, ते माझं नुसतं न बघणं होतं. माहीत असतं तर कथा लिहिली नसती, असं म्हणावंसं फार वाटतं, पण तुमच्याशी आता खोटं कशाला बोलू? लिहिली असती. फक्त कांदे निवडता निवडता तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं असतं, की संपला नाही तो. बायकोला सांगितलं तर दोन दिवस बोलणार नाही आणि तिसऱ्या दिवशी वाढेल, ती माझी बहीण आहे, एवढं मला माहीत होतं. आणि त्याला एक मेहुणा आहे. त्या मेहुण्याला ही दोन पानं सोडून उरलेला सगळा माणूस माहीत आहे, आणि त्याला तो दोन पानांसकट हवा आहे.